भावजींचं अपुरं पुस्तक

पुरं झालेलं काम पुन्हा उसवल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही असा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा धाकटा दीर आहे. मी त्यांना भावजी म्हणते. ते जयगडच्या बंदरात स्टोअरला नोकरी करतात, पाळीची ड्यूटी असते, आणि उरलेला सगळा वेळ घरी बसून फोटोंची पुस्तकं करतात. ‘बसून’ हा शब्द मी सवयीने लिहिला. भावजींना बसलेलं फारसं कोणी पाहिलेलं नाही. कॉम्प्युटरपुढे खुर्ची आहे, पण तिच्यावर कागदांचे गठ्ठे असतात आणि भावजी एक गुडघा त्या गठ्ठ्यांवर टेकून, एका हाताने माऊस फिरवत, दुसऱ्या हाताने चकली खात उभे असतात. जेवताना मध्येच उठतात, कारण केळशीच्या फोटोतलं आभाळ डाव्या पानावर जास्त शोभेल असं त्यांना वरणभातावर सुचलेलं असतं. गार झालेलं त्यांचं ताट झाकून ठेवायला माझ्या धाकट्या जावेने एक वेगळी जाळीच घेतली आहे.

मुंबईची नोकरी संपवून आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. दोन्ही घरं एकाच आवारात, मध्ये फक्त जांभ्या दगडांच्या बुटक्या भिंतीचा गडगा आणि गडग्यात ये-जा करायला ठेवलेली वाट. पहिल्याच आठवड्यात भावजी त्या वाटेने आले आणि आमच्या कपाटातले सगळे अल्बम काखोटीला मारून घेऊन गेले. मी ‘अल्बम’ म्हटलं तर थांबून म्हणाले, “अल्बममध्ये फोटो डांबून ठेवतात, वहिनी. पुस्तकात ते राहतात.” हल्ली मोबाइलवर बोट फिरवलं की असली पुस्तकं छापून घरपोच येतात, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. त्यांनी शांतपणे विचारलं, की तुम्ही हॉटेलातले मोदक आणून गणपतीला दाखवता काय? त्यानंतर मी तो विषय काढलेला नाही.

तेव्हा पुस्तक घरीच व्हायचं. पानं त्यांच्याच कॉम्प्युटरवर मांडायची, त्यांच्याच प्रिंटरवर छापायची, दाभणाने भोकं पाडून शिवायची आणि पुठ्ठ्यात बसवायची. शिवायला मिरकरवाड्याच्या मासळी बंदरातून जाळी विणायचा दोरा आणलेला, कारण तो पाण्यात कुजत नाही. पुस्तकं पाण्यात कशाला जातील, असं जावेने विचारलं होतं. पण आमच्याकडच्या पावसात भिंतीलाही शेवाळ धरतं, तेव्हा भावजींचं अगदीच चुकत होतं असं नाही. दमट हवेचा त्यांना भारी राग. बंदरात यंत्रांच्या खोक्यांमधून ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या निघतात, त्या ते मागून आणतात, आणि बाजारात चपलांच्या दुकानात शिरून ‘चप्पल नको, आतली पुडी असली तर द्या’ असं म्हणायलाही लाजत नाहीत. पुस्तक दाबात ठेवायला त्यांनी सुरुवातीला अंगणातले जांभ्याचे चिरे आणले. श्रावणातला चिरा, तो ओलाच. सकाळी पांढऱ्याशुभ्र कव्हरावर तांबडाभडक चौकोन उमटलेला. भावजींनी त्याला ‘कोकणी कव्हर’ असं नाव दिलं आणि दुसऱ्या दिवशी जावेचा पाटा उचलून नेला. तेव्हापासून त्या घरात वाटलेली चटणी झालेली नाही, मिक्सरची होते.

त्यांचा सगळ्यात कडक नियम शिवणीचा. पुस्तक उघडल्यावर दोन पानांच्या मध्ये जी घडी येते तिला ते शिवण म्हणतात, आणि त्या शिवणीत माणसाचा चेहरा जाता कामा नये. हा नियम त्यांना महागात पडून आलेला आहे. माझ्या पुतणीच्या, म्हणजे त्यांच्याच मुलीच्या लग्नाचं पुस्तक त्यांनी हौसेने केलं आणि दोन पानं पसरून मांडलेल्या मोठ्या फोटोत नेमके व्याही मधोमध आले. नाक घडीत गेलं, आणि दोन्ही बाजूंना एकेक डोळा उरला. त्या दिवाळीला व्याह्यांकडून फराळ आला नाही. तेव्हापासून भावजींना जिवंत माणसंही शिवणीत दिसायला लागली. जयगडहून गणपतीपुळ्यावरून घरी येताना ते किनाऱ्यावर गाडी थांबवतात आणि ओळख ना पाळख असलेल्या कुटुंबांना सांगतात, “बाबा, तुम्ही जरा डावीकडे सरा, आजी घडीत जातायत.” ती माणसं गोंधळून सरतातही. आमच्याकडे पंगत बसली की मला मध्यावर बसू देत नाहीत. मी एकदा चिडून विचारलं, की मी काय छापायची आहे का? तर म्हणाले, सांगता येत नाही.

पण या सगळ्या उलाढालीचं मूळ एकच, आत्यांचं पुस्तक. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. केळशीला दिलेली, पण फार लवकर माहेरी परत आलेली. आणि पुढे सासूबाई गेल्या तेव्हा माझा नवरा आणि भावजी ह्या दोघांना तिनेच वाढवलं. थोरला कळता होता, धाकटा अगदी पदराला धरून असायचा. अजूनही आत्या भावजींकडेच असतात. वय झालं आहे, गुडघे गेले आहेत, तोंड शाबूत आहे. केळशीची माडांमधली वाट, भावजींची मुंज, बंदरातली नोकरी लागली त्या दिवसाचा ओटीवरचा फोटो, असं सगळं एकत्र करून आत्यांच्या हातात द्यायचं, अशी भावजींची इच्छा होती. त्यांनी पहिल्यांदा मांडून दाखवलं तेव्हा एका पानावर आत्या एकट्याच होत्या, पानभर. आत्यांनी ते पान बघितलं आणि चष्मा काढून ठेवला.

“एकटं माणूस पानभर कधी छापतात ठाऊक नाही काय रे मेल्या? खाली उदबत्ती तेवढी लावायची राहिलीय.”

आमच्याकडे भिंतीवर ज्याचा एकट्याचा फोटो, त्याला हार. भावजींनी मुकाट्याने ते पान काढून टाकलं. मग आत्या जरा निवळल्या, बाकीची पानं त्यांनी बोट फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाल्या की कर हो, छान कर, एकदा पुरं झालेलं बघितलं की मी मोकळी झाले. आम्ही सगळे हसलो. आत्याही हसल्या. मी लसूण सोलत होते, ती सोलत राहिले. भावजी तेवढे हसले नव्हते, हे मला फार उशिरा आठवलं.

त्यानंतर ते पुस्तक काही पुरं होईना. आज पानं शिवून झाली म्हणावं, तर उद्या शिवण उसवलेली. कधी अक्षर बारीक वाटलं, कधी समास अरुंद वाटला. कधी मुंज नोकरीच्या आधी हवी की नंतर यावर दोन दिवस वाद चालला, आणि वाद घालायला भावजी एकटेच होते. एकदा पुठ्ठा चढवून, कापड लावून, पाट्याखाली ठेवून सगळं झालं होतं. जावेने शिरासुद्धा केला. दुपारी बघते तर भावजी ओटीवर उकिडवे बसून ब्लेडने टाके कापतायत. कारण विचारलं तर म्हणाले, केळशीच्या आभाळाचा निळा रंग जरा हिरव्याकडे गेलाय. मी ते पान उन्हात धरून पाहिलं, सावलीत धरून पाहिलं. निळा रंग निळाच होता. मला राग आला. आत्या रोज सकाळी ‘झालं काय रे?’ म्हणून विचारायच्या, आणि हा माणूस रंगाला नावं ठेवत बसला होता.

शेवटी गणपती तोंडावर आले. मुंबईहून सगळी मंडळी यायची होती, आणि माझ्या नवऱ्याने गडग्याच्या वाटेत उभं राहून धाकट्या भावाला बजावलं, की पहिल्या दिवशीच्या आरतीनंतर पुस्तक आत्याच्या हातात पडलं पाहिजे. नाही पडलं तर कॉम्प्युटर मी माडाखाली पुरीन. आमचे हे बजावतात तेव्हा मुंबईच्या ऑफिसातले साहेब होतात. भावजींनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मी कागद धरायला म्हणून त्यांच्याकडे गेले. ते कडा कापत होते, मी पट्टी दाबून धरली होती, आणि मी जरा टोचूनच विचारलं, की भावजी, आता निळ्याचं काय? त्यांचं ब्लेड थांबलं.

“वहिनी, ती म्हणालीय, पुरं झालेलं बघितलं की मी मोकळी. आता आत्या बोलली आणि तसं झालं नाही, असं एक तरी सांगा मला.”

मी सांगायला तोंड उघडलं, पण आठवत गेलं ते सगळं उलटंच. भावजींना नोकरी लागेपर्यंत चहात साखर घालणार नाही, असं आत्या एकदा म्हणाल्या होत्या. वर्षानुवर्षं त्यांनी तो कडू चहा प्यायला, आणि नोकरी लागली त्या दिवशी चांगली तीन चमचे साखर घातली. दारावर येणाऱ्या एका मासेवालीशी भांडण झालं तेव्हा तुझ्या हातचं पापलेट घेणार नाही म्हणाल्या, तर ती मासेवाली ताजं फडफडीत पापलेट घेऊन पायरीवर बसली तरी आत्या आत निघून जातात. वेडेपणा आहे, हे मला कळत होतं. वय झालेलं माणूस पुस्तक बघून जात नाही आणि पुस्तकासाठी थांबत नाही, हे मी त्यांना सांगणारही होते. पण समोर पन्नाशी उलटलेला माणूस ब्लेड हातात धरून माझ्याकडे पाहत होता, आणि मला ते पदराला धरून असलेलं पोर दिसायला लागलं. मला रडूच आलं. मी पट्टी घट्ट धरली आणि म्हटलं, कापा.

गणपती बसले, आरती झाली, मोदक झाले. सगळे माजघरात जमल्यावर भावजींनी पुस्तक आणलं. तांबड्या कापडाचं कव्हर, जाळ्याच्या दोऱ्याची शिवण. ते आत्यांच्या मांडीवर ठेवून भावजी दाराशी जाऊन उभे राहिले. एक पाय आत, एक बाहेर, आणि तो बाहेरचा पाय सारखा हलत होता. आत्यांनी सावकाश पानं उलटली. केळशीच्या वाटेपाशी थांबल्या, मुंजीतल्या भावजींच्या गोट्याला हसल्या, गेलेल्या माणसांची नावं मोठ्याने घेतली, आणि फोटोंमधून डोकावणाऱ्या आमच्यासारख्या जित्यांना एकेक टोमणा मारला. शेवटचं पान उलटलं. मी भावजींकडे पाहत होते, त्यांचा पाय थांबला होता.

“छान झालंय रे,” आत्या म्हणाल्या. “पण पुरं कुठे झालंय? माझं एकटीचं पान कुठाय?”

हे म्हणाले, आत्ये, तूच ना ते काढायला लावलंस.

“तेव्हा नको होतं, आता हवंय. शेवटाला. फोटो आज काढून ठेव, लावायचा मी गेल्यावर. तोवर पान कोरं असू दे, आणि ते लागल्याशिवाय पुस्तक पुरं झालं असं कोणी म्हणायचं नाही.”

मग आत्यांनी केळशीच्या आभाळाचं पान उघडून भावजींपुढे धरलं आणि विचारलं, की हे निळं जरा हिरवट नाही काय दिसत? आत्यांना कोणी काय सांगितलं होतं, कोण जाणे. मी नव्हतं सांगितलं. जाऊ गणपतीपुढे हात करून म्हणाली की मीही नाही. मला वाटतं, ज्या बाईने पोर वाढवलं तिला पोराचा हलणारा पाय वाचता येत असणार.

दुपारी अंगणात खुर्ची मांडली. आत्या ठेवणीतलं पिवळं लुगडं नेसून बसल्या, हात मांडीवर, मान ताठ. परक्या माणसांना इकडेतिकडे सरकवणारे भावजी आत्यांना डावीकडे सर म्हणाले नाहीत की हास म्हणाले नाहीत. कॅमेरा डोळ्याला लावून उभे राहिले, कधी नव्हे ते स्वस्थ. एकच फोटो काढला. तो कसा आलाय ते त्यांनी कोणाला दाखवलेलं नाही, आणि आम्ही विचारत नाही.

आता त्यांची धावपळ पुन्हा जोरात आहे. परवा मुंज मागे गेली आणि नोकरी पुढे आली. समास दोनदा बदलून झाला. पाटा काही परत मिळालेला नाही. आत्या सकाळी विचारतात, ‘झालं काय रे?’ आणि भावजी आतून ओरडतात, ‘नाही गो.’ मी गडग्यातून त्यांच्याकडे गेले की आधी टेबलावरचं ते पुस्तक उचलते आणि शेवटचं पान बघते. कोरं असतं. मग मी ते मिटून ठेवते आणि जावेला काय हवं-नको ते विचारायला आत जाते.