सपाट जमिनीचे वैरी

सपाट जमिनीशी हाडवैर धरलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच निघेल, आणि तो नेमका आमच्या ताईच्या नशिबी आला. अंजनगाव सुर्जीच्या पलीकडे भाऊजींचं शेत आहे. सगळा मुलूख भाकरी थापल्यासारखा. अशा मुलखात हा माणूस वीस वर्षं उतार शोधत हिंडला, कारण त्यांचा जुना ट्रॅक्टर किल्लीनं सुरूच होत नसे. किल्ली फिरवली की आतून ‘टक’ असा एक आवाज यायचा, दिवे मिणमिणायचे आणि पुन्हा सामसूम. मग ट्रॅक्टर उतारावरून सोडायचा, वेग आला की गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचा, तेव्हा कुठे तो खोकत खोकत जागा व्हायचा. एवढ्यासाठी भाऊजींनी घराशेजारी मुरमाचं एक टेकाड रचून घेतलं. ट्रॅक्टरचा मुक्काम कायम त्या टेकाडावर, चाकाला दगड लावून. मी अकोल्यात मास्तरकी करणारा माणूस. आपलं वाहन टेकाडावर झोपवणारा गृहस्थ मी पहिल्यांदाच पाहत होतो.

दुसऱ्याच्या गावात टेकाड कुठून आणायचं? माझ्या मुलीचं लग्न चांदूर बाजारला होतं. भाऊजी ट्रॉलीत निम्मे नातेवाईक भरून आले. मांडवाभोवती दोन चकरा मारल्या, जमीन न्याहाळली, तोंड वाकडं केलं आणि ट्रॅक्टर तसाच धडधडत ठेवून पंगतीत जाऊन बसले. मंगलाष्टकं सुरू झाली तरी मागे धडधड चालूच. गुरुजी बिचारे ओरडून ओरडून घामाघूम. मी जाऊन हात जोडले, "भाऊजी, घटकाभर बंद करा ना."

"बंद केला त चालू कोन करन? तुमचे याही ढकलतीन काय?" भाऊजींनी विचारलं आणि जिलबी मागवली.

अर्ध्या तासात डिझेल संपून ट्रॅक्टर आपणहून बंद पडला. निघायच्या वेळी डिझेल भरून झाल्यावर माझे नवे व्याही, कोट-फेट्यासकट, दोन्ही हात ट्रॉलीला लावून ढकलत होते आणि भाऊजी वरून त्यांना "जोर लावा, पाहुणे" म्हणत होते. माझ्या पायाखालची जमीन सरकली. लेक सासरी निघाल्याचं रडू तिथंच आटलं.

सगळा दोष भाऊजी बॅटरीला देत. "हिच्यात जीवच नाई," हे त्यांचं निदान ठरलेलं. थंडीत तिला घोंगडी पांघरायची, टोकांवर पांढरी बुरशी धरली की गरम पाणी ओतायचं, कान लावून ऐकायचं, आणि एवढं करून तीन-चार वर्षांत अजिबातच उठेनाशी झाली की नवी आणायची. नवी चार महिने बरी चाले, मग पुन्हा टक. मेलेल्या बॅटऱ्या त्यांनी टाकल्या नाहीत. ओसरीवर रांगेत मांडून वर गोधडीच्या घड्या ठेवल्या आणि पाहुण्यांची बसायची सोय केली. मी एकदा तिसऱ्या बॅटरीवर बसून चहा प्यायलो. उठलो तेव्हा आतल्या तेजाबानं माझ्या नव्या पँटला मागून दोन भोकं पडली होती. मी हबकलोच. भाऊजींनी मात्र भोकं नीट निरखली आणि खुशीत म्हणाले, "म्हंजे हिच्यात अजून दम हाये."

या ट्रॅक्टरवर त्यांचा जीव किती, ते पोळ्याला दिसे. गावचे लोक बैल सजवून आणत, भाऊजी ट्रॅक्टर. आठवडाभर आधी त्याला धुऊन ऑइलपेंट द्यायचा, दर वर्षी नवा रंग. तेही वरवर नाही. एकेक नट, एकेक पट्टी सोडवायची, खालचा भाग रंगवायचा, बोल्टच्या आट्यांतसुद्धा ब्रश फिरवायचा आणि वाळल्यावर पुन्हा आवळायचं. एवढं कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "अंगावरची एकबी जागा उपाशी ठेवाची नाई, मास्तर. सणाचा दिवस असते."

गेल्या वर्षी पोळा पंधरा दिवसांवर होता. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. पावसानं उघडीप दिली म्हणून टेकाडाखाली ताई लाल मिरच्या वाळत घालत होती. पाणी प्यायला म्हणून ती उठून आत आली, आणि तेवढ्यात टेकाडावरचा दगड सरकला. कसलाही आवाज न करता ट्रॅक्टर खाली आला, मिरच्यांवरून गेला आणि कडुलिंबाला टेकून थांबला. ताई बसली होती तिथं चाकाची रुंद खूण होती. भाऊजी गोठ्यातून धावत आले आणि त्या खुणेकडे बघत खाली बसले. ताई तांब्या हातात घेऊन दारात उभी. ती शांतपणे म्हणाली, "पोळ्याच्या आत हा किल्लीनं चालू झाला त ठेवा. नाई त भंगारवाल्याले देऊन टाका." भाऊजींनी मान हलवली.

मी अकोटहून एका जुन्या बॅटरीवाल्याला घेऊन आलो. त्यानं मीटर लावलं आणि म्हणाला, "बॅटरी टंच हाये." मग मीटरची एक तार बॅटरीच्या उण्या टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावून त्यानं मला किल्ली फिरवायला सांगितलं. टक झालं. त्यानं मीटर पाहिलं, वाकून बॅटरीपासून ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेली अर्थिंगची पट्टी सोडवली आणि विचारलं, "इथं खाली रंग कोनं लावला?"

"मी," भाऊजी अभिमानानं म्हणाले. "दर पोळ्याले."

"मंग करंट जाईन कुठून? लोखंडाले लोखंड भेटूनच नाई राहिलं. बॅटऱ्या चार्जबी होत नसतीन."

भाऊजींनी वळून ओसरीकडे पाहिलं. मीही. ओसरीवर पाच बॅटऱ्या निष्पाप बसल्या होत्या. बॅटरीवाला पात्यानं रंग खरवडू लागला. हिरवा गेला, पिवळा गेला, निळा गेला, असे किती तरी थर गेले. तळाशी लाल लागला तसा भाऊजींनी त्याचा हात धरला. "थांब. हा शिंगाचा हाये."

मग कळलं. बैलजोडी विकून ट्रॅक्टर आणला तो पोळ्याच्या तोंडावर. शिंगांसाठी रंगाचा डबा आधीच आणून ठेवलेला होता. बैल गेले, डबा राहिला. तोच त्यांनी ट्रॅक्टरला लावला होता. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

ताई जवळ आली. "राहू द्या मंग तेवढा," ती म्हणाली. "आपन टेकाडावरच ठेवू. मी तिकडं नाई बसत."

"नाई," भाऊजी म्हणाले. त्यांनी बॅटरीवाल्याकडून पातं घेतलं आणि लाल रंग स्वतः खरवडला, लोखंड चकाकेपर्यंत. पट्टी आवळली. वर चढून किल्ली फिरवली, आणि ट्रॅक्टर एका दमात सुरू झाला. बॅटरीवाल्यानं टाळी वाजवली. ताईनं डोळे पुसले.

भाऊजींनी स्टेअरिंगवरून हात फिरवला. मी जवळ गेलो तेव्हा हळूच म्हणाले, "वीस वर्सं मीच त्याच्या तोंडाले मुसकं बांधलं, मास्तर, आन् शिव्या बॅटरीले देल्या."

मी नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.