मोजणीत आलेला श्वास

डॉ. वसुधाताईंचा आणि माझा परिचय २०१४ साली झाला, तोही फोनवर. मी तेव्हा डहाणूतल्या एका साप्ताहिकात लिहीत असे. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करत जाणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार, किती जणांना आहे, याची मोजणी ताईंनी सुरू केली होती. सुरुवातीचे कागद पाहून मी बातमी केली की, आजार विडी ओढणाऱ्या पुरुषांत आहे, बायकांत जवळपास नाहीच. अंक छपाईला जायच्या तासभर आधी फोन आला. "ती बातमी थांबवा. बायकांचे कागद आम्हीच बाद म्हणून बाजूला काढलेत. का बाद होतात, ते बघायला उद्या या."

दुसऱ्या दिवशी सायवनच्या एका पाड्यावर लखमीबाई श्वास मोजणाऱ्या यंत्रासमोर बसल्या होत्या. या तपासणीत छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत एकदम जोरात सोडायचा असतो. लखमीबाई मात्र गाल फुगवून, हळूहळू, बेताने फुंकत होत्या. तीनदा तपासणी बाद झाली. ताईंची नजर चुलीपाशी पडलेल्या फुंकणीकडे गेली.

"लखमीबाय, तू विस्तव फुलवतेस गो!"

"मंग? फुंक म्हणालीस ना?"

"कोंबडी भातात शिरली तर काय करतेस?"

"हुश्श करून हाकलते."

"मग छाती भरून घे आणि तोच हुश्श या नळीत."

"यंत्रात कोंबडी हाय का डाक्तरीण?" लखमीबाईंनी विचारलं आणि पाडा हसला. पण पुढचा हुश्श असा निघाला की आलेख उमटला. तो ताईंनी माझ्यापुढे धरला. आयुष्यात विडीला न शिवलेल्या या बाईंचा श्वास चुलीच्या धुराने कधीच अडवला होता.

सहकारी म्हणाले, बाद कागद सोडून देऊ, कामाला आधीच उशीर झालाय. ताई म्हणाल्या, "मोजलंच नाही, तर औषध कुणासाठी मागायचं?" मग रानशेतपासून तलासरीपर्यंत बाद झालेल्या प्रत्येक बाईच्या दारी त्या पुन्हा गेल्या, बाया शेतावर निघायच्या आत. सगळीकडे कोंबडीच कामाला आली. अहवालाच्या पहिल्याच पानावर ताईंनी बायांना नुसतं 'फुंका' म्हटल्याची स्वतःची चूक लिहिली. त्या आकड्यांच्या जोरावर आज पाड्याजवळच्या उपकेंद्रात श्वासाचं औषध मिळतं. लखमीबाईंना पंप ओढायला ताईंनी स्वतः शिकवलं, आणि चुलीवरच्या कुडाच्या भिंतीत झरोका पाडला जाईपर्यंत ताई त्यांच्या नवऱ्यासमोरून हलल्या नाहीत.

देशात या आजाराचे रुग्ण किती, हा आकडा कुणी सभेत सांगितला, की ताईंचा प्रश्न ठरलेला असतो, "फुंकायला शिकवलं कुणी?" आकडे वाचायला मी त्यांच्याकडून शिकलो.

ताईंना साठ वर्षं पूर्ण होताहेत, काय लिहू, असं मी परवा लखमीबाईंना विचारलं. त्या भाताची पेंढी बांधत होत्या, न थांबता. म्हणाल्या, "लिव, आता तिला बसव नळीपुढं. नुसती आमचीच छाती बघते."

ताई, निरोप पोचवला. पंच्याहत्तरीला सायवनलाच जमू. नळी तुमच्या हातात असेल, शिकवायला लखमीबाई असतील. तुमचा हुश्श तेव्हाही दणदणीत निघो.