छापलेल्या मामांना मारलेली हाक

आजवर मी असले अनुभव वाचायचे ते फक्त खिल्ली उडवायला. कुणाला चिंचेखाली बाई दिसली की माझी कमेंट ठरलेली — 'झोप पूर्ण करा.' त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर खुशाल हसा...

मी पुण्यात ॲनिमेशनचं काम करते. गाव अणदूर. तिथं माझी आत्या एकटी राहते. तिचे मालक, म्हणजे आमचे मामा (आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात), दोन वर्षांपूर्वी गेले. सकाळी लोहाऱ्याला पाहुण्यांकडे निघाले आणि तिथं चहा घेता घेता बसल्या जागी आटोपलं. निघताना ते चष्मा विसरले होते. आत्या तो घेऊन दारापर्यंत धावली, पण जाणाऱ्या माणसाला मागून हाक मारू नये म्हणून तशीच उभी राहिली.

"हाक मारली असती तर माघारी आले असते. लोहाऱ्याची जीप चुकली असती. घरी असते तर वाचले असते..." दोन वर्षं रोज हेच. जेवण तुटलं, माणूस निम्मं झालं. मला तिच्या जिवाची भीती वाटायला लागली होती.

मामा गेले त्या सकाळी मी सुट्टीला आले होते आणि नव्या मोबाईलवर गल्लीचा व्हिडिओ काढत होते. त्यात मामा आहेत. पाठमोरे, कोपऱ्यापर्यंत चालत जाणारे... बस, एवढंच.

यंदा एका प्रदर्शनासाठी मी तो व्हिडिओ घेतला. त्यातली एकेक फ्रेम साध्या कागदावर छापायची, प्रत्येक कागद हातानं रंगवायचा, मग पुन्हा फोटो काढून ते सलग पळवायचे. हाताचा रंग दर कागदावर वेगळा लागतो, त्यामुळे चालणारा माणूस जरा थरथरतो, जिता वाटतो.

तुळजापूरचा झेरॉक्सवाला वैतागला. "ताई, एकाच फोटूच्या एवढ्या कॉप्या?"

"एकच नाही हो. प्रत्येकात पाऊल पुढं पडलंय."

"व्हय का? मला तर सगळे सारखेच दिसायलेत."

रंगवायला मी मुद्दाम आत्याला बसवलं. म्हटलं, हात गुंतला तर मनही गुंतेल. तिनं देवघरातला भंडारा पाण्यात कालवला आणि बोटानं प्रत्येक कागदावरचा मामांचा पटका पिवळा केला. "लई दिसानं त्यांचा पटका बांधायलेय असं वाटायलंय बग," म्हणाली. मी आपली कागद वाळवायच्या निमित्तानं अंगणात जाऊन डोळे पुसून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे फोटो जोडून लॅपटॉपवर लावले. लख्ख ऊन, दार उघडं, शेजारी मिक्सर चाललेला. मामा चालायला लागले. पिवळा पटका हलत हलत निघाला. कोपरा जवळ आला तशी आत्या ताडकन उठली आणि ओरडली —

"अवो! चष्मा ऱ्हायला तुमचा!"

आणि मामा थांबले. वळले. डोळे बारीक करून आमच्याकडं बघितलं, गालात हसले, 'असू दे' म्हणताना करायचे तसा हात हलवला... आणि कोपऱ्यावरून वळून गेले.

"दिसलं का गं तुला?"

"हो आत्या."

ती पोटभर रडली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "असू दे, म्हनले. हाक मारली असती तरी गेलेच असते की गं. लई हट्टी मानूस."

त्या दिवशी आत्या नीट जेवली. मी मात्र जेवण सोडून सगळं तपासत बसले. फोटो पाहिले, कागद एकेक करून चाळले, मूळ व्हिडिओ पाहिला. सगळीकडं पाठ. फिल्म कितीदा तरी पुन्हा लावली, मामा सरळ निघून जातात. दोघींना एकदम भास झाला म्हणावं, तर दोघींनी एकच हात हलताना कसा पाहिला? तुमच्याकडं उत्तर असलं तर सांगा, पण झोपेचं सांगू नका.

हल्ली मी पुण्याला निघाले की आत्या मुद्दाम दारातून मागून हाक मारते. काम काही नसतं. शेजारणी रागावतात, असं करू नये म्हणतात.

"जानारं जातंयच," आत्या त्यांना सांगते, "तोंड तर बघून घ्यावं."