जखमेवर चांदीचं पाणी

मंगळवारी सकाळी परळच्या इस्पितळात माझी बायको वारली. पायाच्या जखमेतले जंतू रक्तात पसरले होते आणि कोणतंही औषध त्यांना लागू पडत नव्हतं.

तिला तिथे नेण्याआधी चार दिवस आम्ही ती जखम घरीच धुतली. लक्ष्मीपूजनातलं चांदीचं नाणं तुळशीच्या पाण्यात उकळायचं आणि त्या पाण्याने. कल्पना तिच्या भावाची. त्यांची मुलगी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तुळशीच्या अर्काने चांदीचे अतिसूक्ष्म कण बनवते. औषधांना न जुमानणारे जंतू त्या कणांनी मरतात का, हे तपासते. मेहुण्यांनी त्यातलं अर्धं ऐकलं आणि घोडपदेवहून गिरगावात पातेलं घेऊन आले. मी शिकलेला माणूस, घरात पुस्तकांची तीन कपाटं. मी ते पातेलं धरून उभा राहिलो.

दहाव्याला मेहुणे म्हणाले, "भावोजी, चांदीत दोष नव्हता. तुमचं नाणंच भेसळीचं असणार."

"तुमच्या डोक्यासारखं."

"सुतक आहे, जरा जपून बोला."

"सुतक आहे म्हणूनच एवढ्यावर थांबलोय."

जन्मात मी कुणाला असं बोललो नव्हतो. बरं वाटलं.

सगळे गेल्यावर त्यांची मुलगी मागे थांबली. "काका, आत्याच्या जखमेतले जंतू इस्पितळाने ठेवलेत. आम्हाला कामासाठी हवेत. तुमची सही लागेल."

"बापाने पाणी घातलं, आता तू खाऊ घालणार त्यांना?"

"हो. आधी वाढवायचे, मग मारून बघायचे."

तिने नजर खाली घेतली नाही. मी सही केली. मायेने नव्हे. मला ते जंतू मेलेले बघायचे होते.

दोन महिन्यांनी तिने फोनवर फोटो दाखवला. काचेच्या बशीत सायीसारखा थर, आणि चांदीच्या थेंबाभोवती एक स्वच्छ वर्तुळ.

"इथले मेले," ती म्हणाली.

"मग आपल्या नाण्याने का नाही मेले?"

"नाणं उकळून असे कण होत नाहीत, काका. त्याला चांदीचा क्षार लागतो. आणि हेसुद्धा बशीतच. माणसाला द्यायला अजून बराच वेळ आहे."

"हे बापाला सांगितलं होतंस?"

"सांगितलं होतं, जेवताना. बाबा टीव्ही बघत होते."

मेहुण्यांना मी घरात घेत नाही. मुलगी येते. तिच्या आत्याच्या पायातले जंतू कॉलेजच्या फ्रीजरमध्ये आहेत, जिवंत.