व्हेनिसमध्ये मावशीने फ्रिज उचलला

परदेशात भरवसा कुणावर ठेवायचा, सांगा? छत्री उंच धरून पुढे धावणाऱ्या गाइडवर, की चपला हातात घेऊन मागून येणाऱ्या मोनिकामावशीवर? मी वसईजवळच्या निर्मळचा केळ्यांचा व्यापारी, माल बघून पारखतो. तरी छत्रीला भुललो! आम्ही आठ जण व्हेनिसला जाऊन आलो. तेव्हापासून दुकानात केळी कमी आणि किस्से जास्त.

* * *

मोनिकामावशी आमच्या शेजारच्या गास गावची. तिने घरून मेणबत्ती आणली होती. तिचे यजमान, आमचे काका, वारले होते; त्यांच्या नावाने तिथल्या मोठ्या चर्चमध्ये पेटवायची होती. तिचं व्हेनिस एवढंच!

"उद्या, मावशी, उद्या!" म्हणत गाइडने आम्हाला काचेच्या दुकानात तीन तास कोंडलं. दुकानदार त्याला बघून असा हसला, की मी समजलो, कमिशन ठरलेलं! गिऱ्हाईक असंच मीही वळवतो. पण तासाभरात सोडतो!

* * *

मग गोंडोला, म्हणजे तिथली लांबुडकी होडी. गाइड म्हणाला, "फील करा, सर! रोमँटिक!"

आमच्या हरिश्चंद्रचा जन्म खाडीकाठचा. त्याने नाक वर केलं. "वास तर आपल्या खाडीचाच! पानी दाखवायला एवढ्या लांब आनलंस?"

* * *

एका पुलाखाली गाइड हळवा झाला. "ह्या पुलावरून तुरुंगात जाताना कैदी उसासे टाकायचे."

हरिश्चंद्र म्हणाला, "त्यांनाबी तूच फिरवत होतास काय?"

* * *

शेवटच्या सकाळी भोंगा वाजला. भरतीचं पाणी चढत होतं. आमच्या खोल्या तळमजल्यावर.

"हा भोंगा म्हणजे टुरिस्ट लोकांची गंमत असते. पाणी इथवर येतच नाही," गाइड म्हणाला. "चर्च मात्र आता कॅन्सल!"

मावशीने दारातून गल्ली बघितली. "ही पायरी बुडाली की पाणी घरात!"

दर पावसाळ्यात घरात पाणी बघणाऱ्या वसईकरांना हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. दहा मिनिटांत बॅगा कपाटावर, गाद्या उभ्या आणि मावशीने फ्रिज उचलून टेबलावर! हॉटेलची मालकीण "नो, नो!" करत धावत आली. मावशीने गालिच्याचं एक टोक तिच्या हातात दिलं. "बोलू नको, धर!"

अर्ध्या तासात गुडघाभर पाणी. कोरडं राहिलं ते आमच्याच खोल्यांतलं सामान! गाइडची बॅग तरंगत दाराबाहेर निघाली आणि तो खुर्चीवर उभा.

मालकिणीने मावशीचे दोन्ही हात धरले. मावशीने मेणबत्ती दाखवली. "चर्च?" "कम, कम!" मालकीण म्हणाली. मावशीने मेणबत्ती अंबाड्यात खोचली, चपला हातात घेतल्या.

"मावशी, आधी माझी बॅग तरी पकडा ना!" खुर्चीवरून गाइड ओरडला.

"उद्या, बाबा, उद्या!"

हे पुढे कुणाला सांगाल तर वाढवून सांगू नका, हिशेब चोख ठेवा हं. फ्रिज एकच होता!