मोडी पान आणि आईची बढती

ग्रंथालयातली जुनी पानं खरोखर कोण वाचतं, हे तुम्ही कधी विचारलंय? गवती चहाच्या तेलाचा वास आला की मला तंजावुरच्या ग्रंथालयातली आईची बढतीची मुलाखत आठवते. ताडपत्रांना कीड लागू नये म्हणून ते तेल लावणारी आई वीस वर्षं शिपाईच होती, पण मोडी कागद सगळे तिच्याकडूनच वाचून घेत. मुलाखतीत एक मोडी पान उचलून साहेब म्हणाले, "डिग्री नाही अम्मा, मग हे कसं वाचणार?" आई शांतपणे म्हणाली, "आधी सरळ धरा सार, उलटं धरलंत." मग तिनं ते घडाघडा वाचलं. दाराबाहेर ऐकताना माझी मान ताठ झाली. महिनाभरात ती सहायक ग्रंथपाल झाली. पण अशा कितीजणी अजून शिपाईच आहेत. तुमच्या ग्रंथालयाची बढतीची यादी मागा, आणि वाचणारीचं नाव नसेल तर लेखी हरकत घ्या.