आप्पांची पिकदाणी

९ फेब्रुवारी. चार पिंपं काठोकाठ भरून घ्यायची होती. लाकडी पिंपातली वाइन महिन्याभरात बोटभर खाली उतरते, वर हवा राहिली की आंबट होऊन जाते. म्हणून राखून ठेवलेली वाइन वरून घालावी लागते. हे काम माझे थोरले दीर, आप्पा, स्वतः करत. संक्रांतीच्या दोन दिवस आधी ते बांधावर बसले ते उठलेच नाहीत. महिना झाला होता, काम थांबणार नव्हतं, म्हणून नळी घेऊन मी शेडमध्ये गेले. मागून जाऊबाई, आमच्या अक्का, चहा घेऊन आल्या आणि सहज बोलावं तशा बोलल्या, "यांना गणपतीपासनं वास येत न्हवता. तापात गेला तो परत आलाच न्हाय."

मी नळी खाली ठेवली.

नळदुर्गजवळच्या आमच्या रानात वरच्या अंगाला मुरूम आहे, खाली काळी. आप्पांनी वाइनची द्राक्षं लावली, वर शिराज, खाली कॅबर्ने, तेव्हा 'गळ्यात लिंग आणि रानात दारू' असं आमची लिंगायत भावकी तोंडावर म्हणाली. आप्पा हसले. त्यांनी आयुष्यात वाइनचा एक घोट गिळला नाही. पेला सदऱ्याच्या पांढऱ्या बाहीपुढं धरून रंग बघायचा, वास घ्यायचा, घोट जिभेवरून फिरवायचा आणि आजोबांच्या पितळी पिकदाणीत थुंकायचा. ते डावखुरे, म्हणून पिकदाणी कायम स्टुलाच्या डाव्या अंगाला. मी रसायनशास्त्र शिकलेली, म्हणून मला त्यांनी हाताशी घेतलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "थुंकायला लाजलीस तर शिकणार न्हाईस."

शिकणं म्हणजे बोलणी खाणं होतं. मी म्हणायचे, फळाचा वास येतोय. "बाजारात जाऊन नुसतं फळ द्या म्हणतीस व्हय? नाव सांग." मी जांभूळ म्हणायचे, तर पिकलेलं की वाळलेलं, हे विचारायचे. मुरमावरच्या शिराजला जांभूळ आणि मागून मिरीचा तिखटपणा. काळीतल्या कॅबर्नेला चिंचोक्यासारखा तुरटपणा, अंग भरलेलं. एकटं शिराज तोंडात लगेच संपतं, एकटं कॅबर्ने जीभ धरून बसतं. कुठलं किती घालायचं हे दरवर्षी नव्यानं ठरे, कारण पाऊस दरवर्षी वेगळा. आणि एकदा मिसळलं की परत वेगळं करता येत नाही.

दिवाळीनंतर आम्ही यंदाचं मिश्रण केलं. आठ दिवस आप्पा पेल्यामागून पेला माझ्याकडं सरकवत राहिले. "तू सांग." मी सांगायचे, ते मान हलवून शिराज वाढवायचे किंवा कमी करायचे. वाद नाही, टोमणा नाही. बारा वर्षांत त्यांनी माझं इतकं कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, थकलेत... किंवा मी तयार झाले.

"उदबत्ती पुढ्यात जळत असायची आन् पूजेत विचारायचे, लावली का," अक्का सांगत होत्या. "येळवशीच्या आवसेला रानात भज्जीची भाजी करपली, सगळ्यांनी ताटात ठिवली. यांनी दोनदा मागून खाल्ली."

"मला का नाही सांगितलंत?"

"शपथ घातली होती. म्हणले, तिला कळलं तर घाबरून माझ्याच तोंडाकडं बघत बसंल."

चार पिंपं म्हणजे सालभराची सगळी वाइन, शिवाय आप्पांच्या हातची शेवटची. ती वास न येणाऱ्या माणसानं मिसळलेली... ते गेल्यापासून मी चव घेतली नव्हती. आता घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

पेला भरला. माझी बाही गडद हिरवी, तेव्हा अक्कांनी चहाची पांढरी बशी मागं धरली. रंग स्वच्छ होता. वास घेतला. जांभूळ, पिकलेलं. मागून मिरी. घोट फिरवला, तुरटपणा आला, जरा टेकला आणि वेळेवर उठून गेला. दिवाळीनंतर मी त्यांना जे जे सांगितलं होतं, ते सगळं पेल्यात होतं. त्यांनी फक्त माप धरलं होतं.

मी थुंकले आणि म्हणाले, "चांगली झालीय."

"बघू," म्हणत अक्कांनी पेला घेतला, एक घोट घेतला आणि सरळ गिळला.

"अहो अक्का, थुंकायची असते."

"थुंकायची तर करायची कशाला? ह्यांनी जन्मभर थुंकली, एक घोट तरी घरात राहू दे."

खूप दिवसांनी आम्ही दोघी हसलो. गार झालेला चहा मी तिथंच उभ्यानं संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकदाणी चिंचेनं घासली, पुसली, स्टुलाच्या उजव्या अंगाला ठेवली आणि पहिलं पिंप भरायला घेतलं.